सामोरी आग

त्या वर्षी उळवीच्या अंगाच्या डोंगरावरचा सगळा वेळू फुलून मेला. आदल्या साली त्याला बी धरलं तेव्हा पायथ्याच्या करंजवाडा वस्तीतल्या बायकांनी ते सुपं भरभरून आणलं, भातासारखं कांडलं आणि शिजवून घातलं. माणसांनी पोटभर खाल्लं. मग पावसाळा सरला तसा वेळू पिवळा पडला, पांढुरका झाला आणि उभ्या उभ्या वाळला. थंडीत वारा सुटला की अख्खा डोंगर कडकड वाजायचा. म्हाताऱ्या सुंदरीला दाराशी बसून तो आवाज ऐकवायचा नाही. ती डोक्यावरून पदर घेऊन आत जाऊन बसायची.

सुंदरीचे दोन मुलगे. थोरला परशू चाळिशीला टेकलेला, हाडापेरानं रुंद, बोलायला कमी. धाकटा कान्हू त्याच्या उलट, चटपटीत, मनात आलं ते ओठावर आणणारा. परशूची बायको देवकी, कान्हूची फुला. घर एक, चूल एक. खाली ओढ्याच्या कडेनं भाताची चार तुकडे जमीन, वर रान. रान सरकारी जंगलखात्याचं झालं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण वाड्यातली कुणबी माणसं बोलताना अजून ‘आपलं रान’च म्हणायची.

दरसाल पौषात, दव पडून पाला ओलसर असताना, वाडा आपल्या भोवतीचं रान जाळून काढायचा. सकाळी आग लावायची, हिरव्या डहाळ्या घेऊन तिच्या मागोमाग चालायचं, भलतीकडं वळली तर झोडपायची. दुपारपर्यंत ती आपली आपण निजायची. त्या वर्षी पौष लागला आणि जंगलाचा गार्ड गोपाळ हुकूम सांगायला आला. हा खानापूरकडचा माणूस, मनानं वाईट नव्हता, पण नोकरीला भ्यायचा. बुधवंत झिलूच्या अंगणात सगळ्यांना जमवून त्यानं सांगितलं, “रानात न्हाई, रानाच्या कडंलाबी कुणी काडी ओढायची न्हाई. ओढली तर त्याला नेऊच, पन अख्खा वाडा हितनं उठवनार. साहेबाचा हुकूम हाय.”

बुधवंत म्हणजे वाड्याचा प्रमुख. त्यानं सगळ्यांकडं बघितलं. “पाला तर गुडघाभर हाय. वर हा मेलेला वेळू. काय करायचं?”

कान्हू म्हणाला, “जाळायचं. कुनाला कळतंय?”

“नको,” परशू म्हणाला.

परशू कधी नव्हे तो बोलला म्हणून सगळे त्याच्याकडं वळले. का बोलला तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या साली त्यानं घरामागच्या उतारावर नाचणीपुरता एक तुकडा जाळला होता. त्याला धरून सुप्याच्या जंगलकचेरीत नेलं. रेंजरनं कचेरीसमोर उन्हात कान धरून बसवलं. तो बाजाराचा दिवस होता. ओळखीची माणसं डोक्यावर ओझी घेऊन समोरून जात होती आणि न बघितल्यासारखं करत होती. देवकी फडक्यात भाकरी बांधून चालत आली, तेव्हा कान सोडायची परवानगी नव्हती. भाकरी जमिनीवर ठेवून ती त्याच्याकडं पाठ करून बसली. तिनं पाठ केली ती त्याची लाज राखायला, हे त्याला कळत होतं. पण ती पाठच त्याच्या डोळ्यांपुढून जाईना.

“वाडा उठवला तर जायचं कुठं?” परशू पुढं म्हणाला. “एक साल न्हाई जाळलं तर काय हुतंय? राखण करू. डोळ्यात तेल घालून बसू.”

झिलूनं मान हलवली. त्या साली वाड्यानं जाळलं नाही.

चैत्रात एका सकाळी सूर्य तांब्याच्या घंगाळासारखा उगवला. देवकी अंगण सारवायला बाहेर आली तर अंगणात काळी पानं पडली होती. उचलायला गेली तर बोटात पानाची नुसती भुकटी आली. थोड्या वेळानं गव्यांचा कळप रानातनं उतरला आणि दिवसाढवळ्या शेतातून, माणसांच्या समोरून, ओढा ओलांडून निघून गेला. एकानंही मान वळवून बघितलं नाही.

पश्चिमेच्या डोंगरामागं धूर उभा होता. वेळूची पेरं फुटायचे आवाज यायला लागले.

गोपाळ धापा टाकत आला. “बाया-पोरं, म्हातारी माणसं, जनावरं, सगळ्यांनी उळवीला जायचं. देवळाच्या धर्मशाळेत सोय केलीया. उद्या सकाळी गडीमाणसांनी खालच्या सागाच्या लावणीवर यायचं. रेंजरसाहेब स्वतः येनार हायत.” एवढं सांगून तो पुढच्या वाड्याकडं पळाला.

घराघरातनं सामान बाहेर पडायला लागलं. देवकीनं बियाण्याच्या भाताची मुडी डोक्यावर घेतली. फुलानं देव पाटीत घातले, त्यावर कांबळं टाकलं. परशूनं गोठ्याचं दार उघडून जनावरांची दावी कापली. कान्हू कुठं दिसत नव्हता.

तो शेताच्या बांधावर सापडला. वाळक्या गवताची चूड बांधून त्यानं पेटवली होती.

“काय करतोस?” परशू ओरडला.

“दादा, अजून उन्हं चढली न्हाईत,” कान्हू भरभर बोलायला लागला. “वारा आपल्या पाठीमागनं डोंगराकडं वाहतोय. बांधापलीकडचा पाला आत्ता पेटवला तर तो वर जळत जाईल. मोठी आग खाली येईस्तवर तिला खायला काय उरनार न्हाई. आपल्या मागं शेतं मोकळी हायत. बाबा असंच करायचा. तू बघितलंयस.”

“गोपाळ बघंल.”

“गोपाळ गेला.”

“धूर बघंल कुणीतरी. मग म्हनतील, आग करंजवाड्यानंच लावली. वाडा उठवतील, कान्हू.”

“वाडा ऱ्हायला तर उठवतील ना?”

कान्हू खाली वाकला. परशूनं त्याचं मनगट धरलं. दोघांची झटापट झाली. चूड कान्हूच्या हातातून सुटेना आणि परशू ती ओढायचं सोडेना. शेवटी त्यानं भावाला अंगाखाली घेतलं आणि चूड त्याच्या हातासकट ओढ्याच्या चिखलात दाबली. चर्रर आवाज झाला. कान्हू अंगाखालून निसटला. उठला, तळहात पोटाशी धरला आणि भावाकडं बघत राहिला. त्याच्या ओठाला चिखल लागला होता.

“चल,” परशू म्हणाला. “आयेला उचलायचं हाय.”

सुंदरीला कान्हूनंच पाठीवर घेतलं. परशू घ्यायला गेला तर त्यानं नुसता खांदा वळवला. चढाची वाट, उन्हाचा तडाखा. वाड्यातली सगळी माणसं ओळीनं चालली होती. कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या डोक्यावर तवा-परात. धुरानं सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येत होतं, त्यामुळं कोण रडतंय ते कळत नव्हतं. मध्येच फुलानं कान्हूचा हात बघितला. वाटेवरची कोरफड मोडून तिनं गर लावला, पदराची चिंधी बांधली.  चालता चालता तिनं एकदा वळून परशूकडं बघितलं.

दुपारी वारा फिरला. तेव्हा ते खिंडीत पोचले होते. झिलू थांबला म्हणून सगळे थांबले. खाली करंजवाड्याच्या जागी आधी पांढरा धूर उठला, मग पिवळा, मग काळा. काळा धूर घरांचा.  सुंदरीनं मुलाच्या पाठीवरून विचारलं, “काय दिसतंय रं?”

“काय न्हाई आये,” कान्हू म्हणाला. “रान जळतंय.”

उळवीला देवळाच्या माणसांनी त्यांना भात आणि सार वाढलं. वाढणारा कन्नडात ‘ऊटा माडी’, म्हणजे जेवा, म्हणत पंक्तीतून फिरत होता आणि कुणी नको म्हटलं तरी वाढत होता. परशूच्या पानावर भात पडला. त्याला वाटलं, आपल्या घरी पाहुणा आला की आपण असंच वाढायचो, आणि आज आपण हात पुढं करून बसलोय. त्यानं मान वर न करता गिळलं. शेजारी कान्हू डाव्या हातानं जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गडीमाणसं सागाच्या लावणीवर गेली. खात्यानं लावलेला साग, सरळ रांगांनी उभा, मध्ये झाडून काढलेल्या वाटा. रेंजर घोड्यावर होता. सुप्याला कान धरायला लावणारा तोच. त्यानं परशूला ओळखलं नाही. हातातली काठी डोंगराच्या अंगाला दाखवून तो म्हणाला, “आग अजून वरच्या टेकाडावर आहे. सकाळचा वारा आपल्या बाजूनं आहे. वाटेच्या पलीकडे सगळीकडून पेटवत जा. वारा फिरायच्या आत झालं पाहिजे.”

परशूला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. पण गोपाळनं चुडी वाटायला सुरुवात केली. एक त्याच्या हातात आली.

तो तसाच उभा राहिला. दोन्हीकडची माणसं पेटवत पुढं सरकली आणि मध्ये त्याची जागा तेवढी मोकळी राहिली.

“ए, तू, काय बघतोस?” रेंजर म्हणाला. “लाव.”

कान्हू हिरवी डहाळी घेऊन त्याच्या मागं उभा होता. जखमी हातानं त्याला दुसरं काही धरता येत नव्हतं. तो अगदी हळू, समजूत काढल्यासारखा म्हणाला, “लाव की दादा. आता सायबानंच सांगितलंय.”

परशूनं लावली. हात सरावाचा होता. कुठं टेकवायची, कुठं उचलायची, किती पावलं सोडून परत टेकवायची, सगळं त्याला येत होतं. पाला पेटत डोंगराकडं गेला. पुढं कधीतरी दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या, मोठा भपकारा उठला, आणि मग दोघीही जागच्या जागी बसल्या. साग राहिला. रेंजरनं घोड्यावरून उतरून सगळ्यांना गूळ वाटायला लावला. परशूनं आपला खडा हातात घेतला आणि तो वितळून बोटं चिकट होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

आग विझल्यावर माणसं करंजवाड्यात परतली. पायाखालची राख अजून कोमट होती. घरांच्या जागी काळे चौकोन, त्यात जाती, उखळं, पाटे तेवढे जसेच्या तसे. परशूच्या गोठ्याच्या जागी म्हातारी कपिली गाय पडलेली होती. तिचं दावं त्यानंच कापलं होतं. बाकीची जनावरं रानातनं खाली पळाली आणि ही, सवयीनं, आपल्या गव्हाणीशी परत आली. तिचं पोट फुगून टम्म झालं होतं. देवकी तिच्यापाशी बसली आणि तिच्या शिंगाच्या बुडाशी हात फिरवत राहिली.

“बेगीन पुरायला पायजे,” परशू म्हणाला.

“पुरू,” देवकी म्हणाली. “थोडं बसू द्या मला.”

तो खड्डा खणायला गेला. कान्हू आला, एका हातानं माती ओढायला लागला. तेवढ्यात झिलू बांधाकडून फिरून आला आणि दोघांजवळ उभा राहिला. “बांधापलीकडच्या पाल्यातनंच आग आत घुसली,” तो म्हणाला. “बांधाच्या कडंचा तेवढा पट्टा आधी जाळला असता तर...” मग त्याला काय आठवलं कुणास ठाऊक, तो थांबला आणि दुसऱ्या घराकडं निघून गेला. कान्हूचं माती ओढणं थांबलं नाही. परशूची कुदळ मात्र थांबली.

चौकशीला मोठा साहेब आला तेव्हा वाड्यातलं फणसाचं झाड तेवढं सावली देण्याजोगं उरलं होतं. त्याच्याखाली खुर्ची मांडली. साहेब गोरा, थकलेला, बुटांवर राख. त्यानं बरेच दिवस झोप घेतली नसावी. मोडकंतोडकं मराठी बोलायचा, अडलं की रेंजर सांगायचा.

“आग कोणी लावली?” त्यानं विचारलं.

कुणी म्हणालं, कोळसा पाडणाऱ्यांनी. कुणी म्हणालं, लाकडाच्या गाड्यांवरच्या माणसांनी विडी टाकली. एक म्हातारी म्हणाली, वेळू फुलला तेव्हाच देवानं सांगितलं होतं.

झिलू उठून उभा राहिला. “सायेब, ठिणगी कुठनंबी येती. दरसाली येती. आमी पौषात वाड्याभवती जाळायचो, तवा तिला खायला मिळायचं न्हाई. यंदा न्हाई जाळलं. त्यात वेळू मेलेला.”

साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुम्ही दरसाल जाळता, लहान रोप मरते. रोप मरते म्हणून रान विरळ होते, ऊन खाली येते, माती सुकते, झरा आटतो. आधी इथे एवढी आग नव्हती. ती तुम्ही जाळता म्हणून झाली.”

“आदी बी वेळू मरायचा, सायेब,” झिलू म्हणाला. “माझ्या आज्यानं बघितलाय. तवा वाडा न्हाई जळाला.”

साहेबानं बुटावरची राख झटकली. झरे आटले होते हेही खरं होतं आणि वाडा जळाला हेही खरं होतं. 

मग रेंजरनं गोपाळला पुढं केलं. गोपाळची नजर खाली. त्यानं अर्धी जळलेली चूड साहेबासमोर ठेवली. “बांधापाशी, ओढ्यात सापडली,” तो म्हणाला.

रेंजर म्हणाला, “आणि इथे एकाचा हात भाजलेला आहे. कान्हू कोण?”

कान्हू उठला. फुलानं त्याचा सदरा धरला होता, तो सुटला.

परशूला पुढचं दिसलं. कान्हूला नेणार. नुसतं उन्हात बसवणार नाहीत, आता तुरुंगात घालतील. तो गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढं बोलला.

“सायेब, चूड त्यानंच पेटवली, खरं हाय. पन लावली न्हाई. आग तवा डोंगराच्या पल्याड हुती. तो लावायला वाकला आन् मी त्याला धरलं. हात माझ्यानं भाजलाय. मीच चूड चिखलात दाबली.”

“तू अडवलास? सख्ख्या भावाला?” साहेबानं विचारलं.

“व्हय.”

“का?”

इथं परशूला पुढचं वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या मनात किती दिवस तयार होतं. मी भ्यालो म्हणून अडवलं. अडवलं नसतं तर ही घरं उभी असती. तुम्ही सागासाठी जे केलंत तेच तो घरासाठी करत होता. त्यानं तोंड उघडलं. समोर रेंजर उभा होता, आणि परशूच्या दोन्ही कानांच्या पाळ्या आपोआप गरम झाल्या.

“हुकूम हुता, सायेब,” तो म्हणाला.

साहेब हळूहळू हसला. रेंजरशी इंग्रजीत काही बोलला. रेंजरनं गोपाळला खूण केली. गोपाळनं आपल्या पडशीतनं पितळी बिल्ला लावलेला चामडी पट्टा काढला.

रेंजर मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “कान्हूला माफ केलं आहे. आणि साहेब म्हणतात, करंजवाड्यात एक तरी इमानी माणूस निघाला. आजपासून परशू ह्या भागाचा राखणदार. पगार मिळेल. जंगलात कोण काय तोडतो, कोण काय जाळतो, हे त्यानं बघायचं.”

गोपाळनं पट्टा परशूच्या कमरेला बांधला. परशूला तो झटकून टाकता आला असता. त्यानं जमलेल्या माणसांकडं बघितलं. झिलू दुसरीकडं बघत होता. सुंदरीला नीट ऐकू आलं नव्हतं, ती शेजारणीला विचारत होती, “काय दिलं माझ्या परशूला? बरं दिलं का काय?” देवकी उठली आणि पाठमोरी होऊन जळक्या घराकडं चालायला लागली. ह्या वेळची तिची पाठ कुणाची लाज राखायला नव्हती.

बियाण्याची मुडी सोडली तर खायला दाणा नव्हता. परशूनं पट्टा ठेवून घेतला.

वैशाखभर वाडा नवी खोपटी बांधत होता. साहेबानं खालच्या अंगाला वाचलेला वेळू घरापुरता तोडायची परवानगी दिली होती, पण मोजून. गोपाळनं परशूला बजावलं होतं, फिरत राहायचं, जास्ती कुणी तोडलं तर सांगायचं. परशू फिरायचा, पण कुणाच्या अंगणात जायचा नाही. लांबून बघून पुढं निघायचा. तो दिसला की बोलणाऱ्या बायका आवाज खाली आणायच्या. कुणी वाईट बोललं नाही. उलट आधीपेक्षा जास्त मानानं वागायला लागले.

सगळ्यांत आधी कान्हूनं चूल वेगळी मांडली. भांडण झालं नाही. फुला एवढंच म्हणाली, “वैनी, दोन खोपट्यांत दोन चुली बऱ्या,” आणि देवकीनं तिला आपल्यातला तवा दिला. म्हातारी कान्हूकडं गेली.

ढग भरून यायला लागले तरी कान्हूच्या खोपट्याचं छप्पर अर्धंच होतं. त्याचा उजवा हात अजून नीट मिटत नव्हता, आणि शाकारायला दोन हात लागतात. हे परशूला लांबून दिसत होतं. एक दिवस त्यानं पट्टा काढून खुंटीला लावला, वाळक्या गवताच्या पेंढ्यांचा भारा डोक्यावर घेतला आणि भावाच्या अंगणात गेला. आपण शिडीवर चढू, तो खालून पेंढ्या देईल, एवढंच त्यानं ठरवलं होतं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

कान्हू वासा बांधत होता. पाऊल वाजलं तसा त्यानं वळून बघितलं. हातातला दोर खाली ठेवला. पटकन आत गेला, घोंगडी आणून ओट्यावर अंथरली, हातानं झटकली.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

परशूला आधी कळलंच नाही हा कुणाला म्हणतोय. त्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“कान्हू, मी शाकारायला आलोय,” तो म्हणाला. “भारा आनलाय.”

“व्हय,” कान्हू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, चेष्टा नव्हती. गोपाळशी बोलतात तसं तो बोलत होता. “वेळू तेवढाच हाय जेवढा लिहून दिलाय. मागच्या अंगालाबी एक मोळी हाय. काय बघायचं असंल ते बघा तुमी.”

आतून सुंदरीनं विचारलं, “कोन आलंय रं?”

कान्हूनं क्षणभर भावाकडं बघितलं. मग तो म्हणाला, “राखणदार आल्यात, आये.”

परशूच्या डोक्यावरचा भारा तसाच होता. तो उतरवून कुठं ठेवावा हे त्याला सुचेना.